आधी पाणवठ्यावर चला

काळ इसवी सनापूर्वी २५०० च्या आसपासचा. तुम्ही कच्छच्या मोठ्या रणात, खदीर बेटावर उभे आहात. डोक्यावर कडक ऊन आणि समोर दगड आणि कच्च्या विटांचा रुंद तट. आज आपण या शहराला धोळावीरा म्हणतो. त्याचं खरं नाव कदाचित बालेकिल्ल्याच्या उत्तर दरवाजावरच लिहिलेलं आहे. मान वर करा. पांढऱ्या जिप्समच्या तुकड्यांतून घडवलेली दहा मोठी चिन्हं लांबून दिसतील अशी बसवली आहेत. ती आजवर कुणाला वाचता आलेली नाहीत, तेव्हा तिथे रेंगाळू नका.

या सहलीचा नेम आधीच सांगतो. शहर कोणतंही असो, आपण आधी पाण्याकडे जायचं. राजवाडा, देऊळ, बाजार सगळं नंतर. पाण्यापाशी उभं राहून दोन गोष्टी विचारायच्या: हे पाणी आलं कुठून, आणि ते कुणाला मिळतं? नेहमीच्या सहलीत वेढे, लढाया आणि राजांच्या वंशावळी ऐकायला मिळतात. शहराचा रोजचा दिवस मात्र पाण्यापासून सुरू होतो, आणि तो दिवस मला तुम्हाला दाखवायचा आहे.

धोळावीऱ्याच्या उत्तरेला मनसर आणि दक्षिणेला मनहर असे दोन ओढे आहेत. वर्षातले बहुतेक महिने ते कोरडेच असतात. पाऊस येतो तो थोडा, आणि आला की एकदम कोसळतो. आज ढग भरून आलेत. तटावर माणसं उभी आहेत, सगळ्यांचे डोळे ओढ्याकडे. पाण्याआधी आवाज येतो, मग गढूळ लोंढा. ओढ्यात ठिकठिकाणी घातलेले दगडी बांध त्याला अडवतात, वळवतात आणि तटाच्या आत सोडतात. इथली जमीन पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरते. तो उतार ओळखून इथल्या माणसांनी हौदांची अख्खी रांग खोदली. एक भरला की पाणी पुढच्यात जातं.

बालेकिल्ल्याच्या पूर्वेचा मोठा हौद पाहा. लांबी सुमारे ७३ मीटर, रुंदी सुमारे २९ मीटर. पायऱ्या उतरत तळाशी जा, वेळ आहे अजून, पाणी घोट्यापर्यंतच आलंय. दक्षिणेच्या बाजूला तर हौद खडकातच कोरला आहे. बालेकिल्ल्यावर पडणारं पावसाचं पाणीही वाया जात नाही. खालून दगडी गटारांचं जाळं गेलं आहे, आणि ती गटारं काही ठिकाणी माणूस उभा राहून चालेल इतकी उंच आहेत. वर अकीकाचे मणी घडवणारे कारागीर आहेत, त्यांच्या कठीण दगडी सुयांची घरघर ऐकू येते. त्या मण्यांवर हे शहर श्रीमंत झालं, पण जगलं ते या हौदांवर, आणि तेही हजार-दीड हजार वर्षं. बांध घालणाऱ्यातल्या एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. १९९० पासून इथे उत्खनन झालं तेव्हा त्यांचे हौद मातीखालून जसेच्या तसे वर आले.

आता चार हजार वर्षं पुढे आणि बरंच दक्षिणेला.

१५२० च्या सुमाराचं विजयनगर. राज्य कृष्णदेवरायाचं. गोव्याकडून आलेल्या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्यांच्या तांड्यात तुम्ही सामील झाला आहात. त्यातला एकजण, दोमिंगो पाएश, जे दिसेल ते बारकाईने लिहून ठेवतो आहे. त्याच्या मागोमाग चला, कारण हा माणूसही शहराकडे पाहताना पाणी चुकवत नाही. राजधानीच्या अलीकडे राजाने नवं नागलापूर वसवलं आहे. आजचं होसपेट ते हेच. तिथे दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत तलावाचा बांध चढतो आहे. पंधरा-वीस हजार माणसं कामावर असतील, असा पाएशचा अंदाज. मुंग्यांसारखी माणसं, खालची जमीन दिसत नाही, असं तो लिहितो.

पाट्या वाहणाऱ्या त्या रांगेत तुम्हीही शिरा. माती ओली आहे, खांदे सोलून निघतात. गोव्याहून मागवलेला एक पोर्तुगीज पाथरवट बांधावर उभा राहून सूचना देतो आहे. हा बांध दोन-तीनदा फुटला आहे. का फुटतो, असं राजाने विचारल्यावर देव रक्त मागतो, असं उत्तर मिळालं. मग साठ माणसांचा आणि सोबत घोडे-रेड्यांचा बळी दिला गेला, असं पाएश सांगतो. हा भाग मी गाळला असता तर सहल सुखाची झाली असती. पण ज्या शहराचं वैभव पाहायला आपण आलोत, त्याच्या पायाशी हेही आहे. पाट्या वाहणाऱ्यांची नावं कुठल्या शिलालेखात सापडत नाहीत. बळी गेलेल्यांची तर नाहीतच.

तलाव भरल्यावर काय झालं ते नुनिश हा दुसरा पोर्तुगीज सांगतो. या पाण्यावर भिजणारी जमीन राजाने लोकांना नऊ वर्षं विनासारा दिली, जमीन सुधारून घ्या म्हणून. तुमच्या शेजारून चाललेला कुणबी त्याच आशेने निघाला असेल. त्याच्याशी दोन शब्द बोला. कानडी येत नसलं तरी चालेल, पाण्याकडे बोट दाखवलं की बोलणं सुरू होतं.

शहरात शिरता शिरता दोन्ही बाजूंना भाताची हिरवी खाचरं लागतात. तटाच्या आत शेती, मग पुन्हा तट, पुन्हा बागा. तुंगभद्रेतून काढलेले कालवे अजस्र शिळांमधून वाट काढत इथवर आले आहेत. आजच्या हंपीचे ते गोल, एकावर एक तोललेले दगड तुम्ही फोटोंत पाहिले असतील. त्यांच्यामधल्या चिंचोळ्या सपाटीवर पाणी खेळवणं हे देवळं बांधण्यापेक्षा अवघड होतं, असं मला मनापासून वाटतं. बाजारात लिंबं, संत्री, द्राक्षं मांडली आहेत आणि जिकडेतिकडे गुलाब. १४४३ मध्ये हेरातहून आलेला वकील अब्दुर रझ्झाक या गुलाबांनी चकित झाला होता. इथल्या माणसांना गुलाब अन्नाइतकेच लागतात, असं त्याला वाटलं. एवढ्या फुलांना पाणी कुठून येतं, हे तुम्हाला आता विचारावं लागणार नाही.

नवरात्र चालू आहे. महानवमीच्या दगडी चौथऱ्याभोवती मल्ल, नर्तकी, झूल घातलेले हत्ती, मिरवायचे घोडे आणि बाजूला मशालवाले. गर्दीतून जरा बाहेर या. चौथऱ्यापासून थोड्याच अंतरावर काळ्या दगडाची पुष्करणी आहे. खाली खाली लहान होत जाणाऱ्या पाच टप्प्यांच्या पायऱ्या, कोनाकोनात कापल्यासारख्या नेटक्या. गुडघे टेकून दगडाकडे जवळून पाहा. जवळजवळ प्रत्येकावर खूण कोरलेली आहे: कोणती बाजू, कितवा थर, कितवा दगड. सगळे दगड आधी घडवले, मग खुणेबरहुकूम इथे जुळवले. वर खांबांवरून धावणारा दगडी पाट आहे. पाणी त्यावरून राजवाड्याच्या आवारात फिरतं. पण हे पाणी राजघराण्याचं आहे. खाचरातल्या कुणब्याला या पायऱ्या उतरता यायच्या नाहीत.

मराठी माणूस इथून विठ्ठल मंदिरात गेल्याशिवाय परतणार नाही, आणि परतूही नये. पंढरपूरचा विठ्ठल विजयनगरला नेला होता आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, असं आपली वारकरी परंपरा मानते. नदीकाठाने चालत जा. डावीकडे तुंगभद्रा, उजवीकडे शिळा. मंदिराच्या आवारातल्या दगडी रथाशी थांबून हात जोडा आणि निघा.

१५६५ च्या जानेवारीत, तालिकोटच्या लढाईनंतर, हे शहर लुटलं गेलं आणि जाळलं गेलं. मी तुम्हाला त्या दिवसांत नेणार नाही. एवढंच सांगतो की महाल पडले, बाजार ओस पडले, पण कालवे वाहत राहिले. तुरुत्तू कालव्याचं पाणी आजही भाताला, उसाला, केळीला मिळतं. राजे गेल्यावर ते शेतकऱ्यांनी राखलं. हंपीला जाणाऱ्या किती जणांना त्या कालव्याकाठी नेलं जातं? रथासमोर फोटो काढून सगळे परततात, आणि शहराचा जो भाग अजून जिवंत आहे तो रस्त्याच्या कडेला राहून जातो.

जिंकणाऱ्यांच्या विजापुरात आपण फक्त एक दुपार काढू. तिथेही तोरवीहून जमिनीखालून पाणी आणलेलं आहे. वाटेत त्याचा जोर आवरण्यासाठी चौकोनी दगडी मनोरे उभे केले आहेत, त्यांना गंज म्हणतात. १६२० सालची ताज बावडी पाहा. कमान इतकी भव्य की महालाच्या दारात उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि आत फक्त पाणी. गोल घुमटातला प्रतिध्वनी तुम्ही शाळेच्या सहलीत ऐकला असेल, त्यामुळे तिकडे जात नाही.

पुढचा मुक्काम बऱ्हाणपूर, १६१५. इथे मला तुम्हाला जास्त वेळ थांबवायचं आहे.

तापीकाठचं हे शहर फारुकी सुलतानांनी वसवलं आणि खुलताबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताचं नाव त्याला दिलं. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला तेव्हापासून ते मुघलांकडे आलं. दख्खन जिंकायला निघालेली प्रत्येक फौज इथे तळ देते. आत्ताही मैदानात राहुट्याच राहुट्या आहेत. उंट, बैल, बाजारबुणगे, धूळ. याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडचा वकील सर टॉमस रो इथे येऊन शहजादा परवेजला भेटणार आहे. शहर त्याला काही आवडणार नाही, मातीची घरं तेवढी त्याच्या नजरेत भरतील. पण त्याने जमिनीखाली पाहिलं नाही.

तापी जवळ आहे, तरी शहर नदीपेक्षा बरंच उंचावर. शिवाय वेढा पडला तर नदीचं पाणी तोडता येतं, नासवता येतं. सुभेदार अब्दुर्रहीम खान-ए-खानान याने एका इराणी जाणकाराला कामाला लावलं आहे. हा खान-ए-खानान म्हणजे दोहे रचणारा रहीम, बाबराचं आत्मचरित्र तुर्कीतून फारसीत आणणारा रहीम. इराणी जाणकाराने आसपासची जमीन फिरून पाहिली. सातपुड्यावर पडणारा पाऊस जमिनीत मुरतो आणि जमिनीखालूनच तापीकडे सरकतो. नदीला मिळण्याआधी त्याला मध्येच गाठायचं, असं त्याने ठरवलं.

दोर धरा आणि उतरा. सुमारे ऐंशी फूट. वरचा उजेड लहान होत जातो आणि गारवा वाढतो. तळाशी बोगदा आहे, तो पुढच्या कुंडीला जाऊन मिळतो, ती त्याच्या पुढच्या. अशा शंभरहून अधिक कुंड्या एका रांगेत डोंगराकडून शहराकडे आल्या आहेत. त्या खोदतानाची माती वर काढायला उपयोगी पडल्या, पुढे हवेला आणि दुरुस्तीला पडतील. ना मोट, ना बैल, ना पंप. उतार अगदी मंद ठेवला आहे, त्यामुळे पाणी आपल्या वजनाने चालतं. भिंतीला तळहात लावा. दगडाच्या सांध्यांतून पाणी झिरपतंय, थेंब थेंब, सगळ्या बाजूंनी. शेजारी कुदळ घेतलेला मजूर गुडघाभर पाण्यात उभा आहे. त्याच्या दिव्याच्या उजेडात बोगद्याची पुढची कुंडी दिसते, तिच्यातून वरचा दिवस खाली पडलेला.

या सगळ्याला आता कुंडी भंडारा म्हणतात. आज गेलात तर पाळण्यातून खाली सोडतात, आणि चारशे वर्षांत साचलेल्या चुन्याने भिंती पांढऱ्या झालेल्या दिसतात. पाणी अजून झिरपतं आहे.

वर आलात की विणकरांच्या वस्तीत फिरा. इथलं तलम कापड आणि जरीकाम इराण, तुर्कस्तान आणि पार पोलंडपर्यंत जातं, असं तॅव्हर्निए हा फ्रेंच व्यापारी पुढे लिहील. सूत धुवायला आणि रंगवायला पाणी लागतं. १६३१ च्या जूनमध्ये याच शहरात मुमताज महल बाळंतपणात वारली आणि ताजमहालाआधी सहा महिने तिचं दफन तापीपलीकडे होतं. बऱ्हाणपूरबद्दल बाहेरच्या माणसाला एवढीच गोष्ट ठाऊक असते. मला मात्र इथलं सर्वांत मोठं स्मारक ती विहिरींची रांग वाटते, कारण ते जिवंत माणसांसाठी बांधलं होतं.

बऱ्हाणपुरापासून दक्षिणेला, अजिंठ्याचा डोंगर ओलांडून, खडकी. आजचं छत्रपती संभाजीनगर. १६१० मध्ये ते मलिक अंबरने वसवलं. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. मालोजी आणि शहाजी भोसल्यांसारखे मराठे सरदार त्याच्या काळात निजामशाहीच्या चाकरीत पुढे आले. १६१६ च्या रोशनगावच्या लढाईनंतर मुघल फौजेने खडकी जाळली. त्या फौजेचा सरदार शाहनवाज खान हा अब्दुर्रहीम खान-ए-खानानचा मुलगा. बाप बऱ्हाणपुरात जमिनीखालून पाणी काढतो आहे आणि मुलगा इथे शहर जाळतो आहे. दोन्ही गोष्टींत जेमतेम वर्षाचं अंतर.

राखेतून चाला. जळकी लाकडं अजून उचललेली नाहीत. पण उत्तरेकडे, हर्सूलच्या बाजूला, माणसं नहर खोदताहेत. नहर-ए-अंबरी याच सुमाराची. भाजलेल्या मातीचे नळ जमिनीखालून येतात, मध्ये मध्ये हवेसाठी मनोरे. पुढे औरंगजेबाच्या काळात शहर कितीतरी पटींनी वाढलं, तेव्हा याच धर्तीवर आणखी नहरी काढल्या गेल्या. पाणचक्कीचं जातं फिरवणारी नहरही याच धर्तीची. शहर जळाल्यावर तटाच्या बरोबरीने पाण्याचा विचार करणारा राज्यकर्ता मला मोठा वाटतो. मलिक अंबरची बखर आपण गनिमी काव्यापाशीच संपवतो, हे बरोबर नाही.

शेवटचं शहर पुणं. काळ १७५० च्या सुमाराचा, पेशवे नानासाहेब. कात्रजच्या घाटाखाली ओढ्याला बंधारे घातले आहेत, तिथून दगडाचुन्याचा भुयारी नळ शहराकडे निघाला आहे. वर ठिकठिकाणी हवेसाठी उच्छ्वास बांधले आहेत. नळाच्या वाटेने चालत या. पर्वती मागे टाका, मग पेठा. पाणी आधी शनिवारवाड्यात जातं, तिथल्या हौदांत आणि कारंज्यांत. मग सरदारांच्या वाड्यांत, आणि शहरातल्या हौदांवर. सदाशिव पेठेचा हौद, काळा हौद. पहाटे तिथे घागरींची गर्दी असते. नळाचा उतार, चुना, उच्छ्वासांमधलं अंतर, कारागिरीत कुठेही खोट काढता येणार नाही.

आता दुसरा प्रश्न विचारा. कुणाला मिळतं?

हौदाजवळ उभे राहा आणि घागर घेऊन कोण येत नाही, ते पाहा. जी माणसं गावाचे रस्ते झाडतात, मेलेली जनावरं ओढतात, त्यांना या पाण्याला हात लावता येत नाही. कुणी वरून ओंजळीत ओतलं तर प्यायचं, नाहीतर ओढ्यावर जायचं. विजयनगरात पुष्करणीच्या पायऱ्या राजघराण्यासाठी होत्या. इथे मर्यादा जन्मावर आहे, आणि ती कुठल्याही तटाहून पक्की. कात्रजचा नळ हे अठराव्या शतकातलं उत्तम बांधकाम आहे. त्याचं पाणी शहरातल्या सगळ्यांपर्यंत पोचलं नाही, हेही तितकंच खरं. सहलीत पहिली गोष्ट सांगून दुसरी लपवणं मला जमत नाही.

म्हणून शंभरेक वर्षं पुढे, १८६८ मध्ये, शेवटचा थांबा. गंज पेठ, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांचं घर. अंगणात हौद आहे. जोतीरावांनी तो अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला आहे. बाहेर घागरी घेतलेल्या बायका उभ्या आहेत, आत यायला कचरताहेत. सावित्रीबाई दारात आहेत. पहिली घागर पाण्यात बुडते तेव्हा गल्लीत कुणी आनंदाने ओरडत नाही, उलट पुष्कळ दारं लागतात. या हौदापासून महाडच्या चवदार तळ्यापर्यंत आणखी एकोणसाठ वर्षं जायची आहेत. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथलं पाणी ओंजळीत घेतील. ते पाणी ठरावाने आधीच खुलं झालेलं असेल, आणि तरीही त्यासाठी मार खावा लागेल.

धोळावीऱ्याचे बांध, हंपीचे कालवे, बऱ्हाणपूरच्या कुंड्या यांच्या रांगेत मी हा घरगुती हौद मांडतो. बांधकाम म्हणून तो काहीच नाही. पण पाणी कुणाला मिळतं, या प्रश्नाचं या सहलीत मिळालेलं सर्वांत चांगलं उत्तर तोच आहे.

बऱ्हाणपूर भुसावळहून रेल्वेने जवळ आहे. एका दिवसात जाऊन येता येतं, सोबत पोरांना न्या आणि त्यांना खाली उतरू द्या. फुलेवाडा तर पुण्यातच आहे. गंज पेठेला आता महात्मा फुले पेठ म्हणतात, आणि शनिवारवाड्यापासून ती चालत जाण्याइतकी जवळ आहे. पुण्यात आलात की शनिवारवाडा बघाच. पण त्याच दिवशी फुलेवाड्यातही या.